कोनीय शीर्षाक्षरे, देवनागरी

मुद्राक्षरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात : सलग वाचनासाठी वापरली जाणारी मजकुराची अक्षरे आणि मथळे, पाट्या, भित्तिपत्रके, वेष्टने, बोधचिन्हे इत्यादींसाठी मोठ्या आकारात वापरली जाणारी शीर्षाक्षरे. शीर्षाक्षरांपैकी ज्यांच्या घडणीत गोलाई टाळून सरळ रेषा, काटकोन व छाटलेले कोपरे यांवरच भर दिलेला असतो, त्यांना कोनीय शीर्षाक्षरे म्हणतात. यंत्र, वेग, वीज, संगणक आणि एकूणच येऊ घातलेला काळ यांची सूचना करण्यासाठी ती योजतात. रोमन लिपीत ही शैली विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ आहे. देवनागरीत तिचा प्रसार मुख्यत्वे संगणकीय अक्षरजुळणीनंतर झाला. रोमन अक्षरे चौकोनी केल्याने त्यांच्या वाचनीयतेस फारशी बाधा येत नाही. देवनागरीचे तसे नाही. एका अक्षराचा दुसऱ्याहून असलेला वेगळेपणा या लिपीत पुष्कळदा एखाद्या गाठीत, वळणात किंवा शिरोरेषेतील लहानशा तुटीत साठविलेला असतो आणि कोनीय घडणीत नेमका तोच भाग प्रथम नष्ट होतो. त्यामुळे हा विषय केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

पूर्वपीठिका : मॉरिस फुलर बेंटन या अमेरिकन मुद्राक्षरकाराचे ‘बँक गॉथिक’ (१९३०) हे चौकोनी वळणाच्या अक्षरांचे एक आरंभीचे उदाहरण होय. इटलीतील तूरिन येथील नेबिओलो या ओतशाळेने १९५२ मध्ये ‘मायक्रोग्रामा’ ही केवळ मोठ्या लिपीतील अक्षरे काढली व त्यांचाच विस्तार करून आल्दो नोव्हारेसे यांनी १९६२ मध्ये ‘युरोस्टाइल’ हा संच सिद्ध केला. यांतील गोलाई दूरचित्रवाणीच्या तत्कालीन पडद्याप्रमाणे फुगीर चौकोनासारखी आहे. २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) या चित्रपटातील अंतराळयानाच्या यंत्रपटलांवर ही अक्षरे झळकली आणि ‘भविष्यकाळ म्हणजे चौकोनी अक्षर’ हे समीकरण जनमानसात पक्के झाले. डच अभिकल्पकार व्हिम क्राउव्हेल यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘न्यू आल्फाबेट’ ही वर्णमाला याही पुढे गेली. ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर गोल रेषा फाटल्यासारखी उमटते, म्हणून त्यांनी जवळजवळ केवळ आडव्या व उभ्या रेषांचीच अक्षरे बनविली. त्यांतील कित्येक ओळखूच येत नाहीत.

धनादेशाच्या तळाशी छापलेले चुंबकीय शाईचे विचित्र आकडे भारतीय वाचकाच्या परिचयाचे आहेत. १९८० नंतरच्या दशकात ते आपल्या बँकांत आले. त्यांचे जाड-बारीक ठोकळे यंत्राला आकडे वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून योजलेले आहेत. शोभा हा त्यांचा हेतू नव्हे. तथापि त्यांच्या अनुकरणाने पाश्चात्त्य देशांत ‘संगणकी’ अक्षरांचे कित्येक संच निघाले. यंत्राच्या अडचणीतून जन्मलेला आकार पुढे शैली म्हणून मिरवावा, असे मुद्राक्षरांच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

कोनीय अक्षर ही केवळ पश्चिमेची देणगी समजणे मात्र बरोबर नाही. पाचव्या शतकातील वाकाटकांचे ताम्रपट ज्या लिपीत कोरलेले आहेत, तिला पेटिकाशीर्ष लिपी म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहान चौकोनी पेटी असते. अक्षरे अरुंद करून त्यांतील वळणे काटकोनात मोडलेली असतात, हे जर्मन विद्वान ब्यूलर यांनी तिचे लक्षण म्हणून नोंदविले आहे. जळगावपासून सु. ६० किमी.वर असलेल्या अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात, वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याचा लेख याच वळणाचा आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे संपादन केले असून (१९६३) त्यांतील ठशांवरून ही घडण उत्तम रीतीने अभ्यासता येते. ही अक्षरे कोनीय झाली ती छिन्नीमुळे, असे सांगण्याची प्रथा आहे; परंतु ते पुरेसे नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठासंबंधीचा शके ११२८ चा शिलालेख आहे. तोही दगडातच कोरलेला आहे. पण त्याची नागरी लिपी बोरूच्या वळणाची आहे. याचा अर्थ वाकाटकांच्या लेखकांनी कोन निवडला होता. तो केवळ हत्याराने त्यांच्यावर लादलेला नव्हता.

पुढील काळातील नागरी लिपीचे वळण बोरूने ठरविले. धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांच्या संग्रहांतील हस्तलिखिते पाहिली असता बोरूच्या तिरप्या कापामुळे येणारी रेषेची जाड-बारीक लय स्पष्ट दिसते. हा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असल्याने देवनागरीतील जाडी रोमनपेक्षा वेगळ्या ठिकाणी येते. निर्णयसागरच्या ओतशाळेपासूनच्या मराठी खिळ्यांनी हीच लय धातूत उतरविली. तिला पहिला जाणीवपूर्वक छेद दिला तो एकसारख्या जाडीच्या रेषेच्या अक्षरांनी. स्विस मुद्राक्षरकार एड्रियन फ्रूटिगर यांनी १९६० नंतरच्या दशकात अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या निमंत्रणावरून असा प्रयोग केला व महेंद्र पटेल यांनी त्यात भाग घेतला. महाराष्ट्रात बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा ग्रंथ (१९७१), तसेच ल. श्री. वाकणकर (१९१२—९९) व र. कृ. जोशी (१९३६—२००८) यांचे कार्य यांमुळे देवनागरीच्या घडणीचा शास्त्रीय विचार रुजला. कोनीय अक्षरांचा त्यांत स्वतंत्र विचार थोडाच आहे.

देवनागरीची घडण व कोन : कोनीय घडणीच्या दृष्टीने देवनागरी व्यंजनांचे तीन गट करता येतात. पहिला गट उजवीकडे उभा दंड असलेल्या अक्षरांचा : ग, घ, च, ज, त, न, प, म, य, व, स इत्यादी. शिरोरेषा व दंड यांचा काटकोन या अक्षरांत जन्मतःच असतो. ग, न, प यांसारखी अक्षरे चौकोनी केली तरी वाचकाच्या लक्षातही येत नाही. दुसरा गट क आणि फ यांचा. त्यांचा दंड मध्यभागी असून दोन्ही बाजूंस वळणे येतात. तिसरा गट शिरोरेषेखाली आखूड दांडीने लोंबणाऱ्या वाटोळ्या अक्षरांचा : ट, ठ, ड, ढ, द, छ, ह, ळ. कोनीय अक्षरकाराची खरी परीक्षा येथे असते. ठ म्हणजे बंद पेटी, ट म्हणजे उजवीकडे उघडी पेटी आणि ढ म्हणजे आत आकडा असलेली पेटी, एवढाच काय तो फरक उरतो. रेषा जाड केली की पेटीच्या आतील पोकळी बुजते व दुरून तिन्ही अक्षरे एकच भासतात.

दुसरी अडचण शिरोरेषेच्या तुटीची. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला वरती लहान वळण असते व तेथे शिरोरेषा तुटते. दुसऱ्या अक्षरावर ती सलग जाते. वळणाचा आकडा चौकोनी केला की त्याचे टोक शिरोरेषेला समांतर येते. त्या दोहोंतील फट रेषेच्या जाडीहून कमी ठेवली, तर काही अंतरावरून ती मिटते. चांगल्या संचांत ही फट मुद्दाम अधिक रुंद ठेवलेली असते किंवा आकड्याचे टोक ४५ अंशांत छाटलेले असते.

तिसरी अडचण स्वरचिन्हांची. मात्रा मुळातच तिरपी सरळ रेषा असल्याने कोनीय घडणीत ती शोभून दिसते. वेलांटीची कमान चौकोनी केल्यास जागाही वाचते. उकारांचे मात्र उलट होते. ऱ्हस्व व दीर्घ उकारांतील भेद त्यांच्या वळणाच्या दिशेवर अवलंबून असतो. दोन्ही उकार आखूड कोनात मोडले की त्यांच्यातील फरक अगदी सूक्ष्म होतो आणि अक्षरकाराच्या हयगयीचे खापर पाटी लिहविणाऱ्याच्या शुद्धलेखनावर फुटते.

खानदेशातील नावांची कसोटी : एखादा कोनीय संच मराठीस योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील गावांची नावे त्यात जुळवून पाहावीत. यापेक्षा चांगली कसोटी प्रस्तुत लेखकास माहीत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा या प्रत्येक नावात ळ आहे. ळ हे मराठीतील सर्वांत वाटोळे अक्षर : आखूड दांडी व तिच्या खाली डावीउजवीकडे दोन पाकळ्या. या पाकळ्या चौकोनी केल्या म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेले दोन डबे होतात. अक्षर अरुंद असेल तर डब्यांच्या पोकळ्या बुजतात. रुंद केले तर ळ शेजारच्या अक्षरांच्या दीडपट जागा घेतो व ओळीची लय मोडतो. प्रमाण हिंदीत हे अक्षर जवळजवळ नाही. त्यामुळे मुख्यतः हिंदी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या संचांत ळ हे अखेरीस उरकलेले अक्षर असते, असा अनुभव येतो.

‘धुळे’ या शब्दात वर सांगितलेल्या तिन्ही अडचणी एकत्र आल्या आहेत : पहिल्या अक्षरात ध-घ यांचा घोटाळा, त्याखाली उकार आणि पुढे ळ. शिरोरेषेतील फट मिटली की गावाचे नाव ‘घुळे’ होते. ‘भुसावळ’चे तसेच ‘मुसावळ’ होते. ‘शिरपूर’मध्ये दीर्घ उकाराची आणि श या अक्षराच्या मराठी वळणाची परीक्षा होते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी असून महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती शासनव्यवहारासाठी निश्चित केली आहेत. आधुनिक संचांत दोन्ही वळणे अंतर्भूत करून, मजकुराची भाषा मराठी असल्याचे संगणकास सांगितल्यावर योग्य ते वळण आपोआप यावे अशी सोय करता येते. पण फलक छापणाऱ्या दुकानातून ही सोय क्वचितच वापरली जाते.

प्रदेशाचे नावही या अडचणींतून सुटलेले नाही. जुन्या घडणीच्या ख मध्ये र आणि व हे दोन अवयव सुटे असत व ‘खानदेश’ हा शब्द ‘रवानदेश’ असा वाचला जाण्याची भीती असे. दोन्ही अवयव तळाशी जोडलेला ख हा यावरचा उपाय आता सर्वमान्य आहे. कोनीय संचांत हा जोड सरळ आडव्या पट्टीने देता येतो व अक्षर उलट अधिक भक्कम दिसते. कोनीय घडणीमुळे ज्यांचा लाभ झाला अशा मोजक्या अक्षरांत ख ची गणना करावी लागेल. हेच नाव ‘खान्देश’ असे लिहिल्यास मात्र न्दे या जोडाक्षरात दाटी होते.

उपयोग : कापूस हे खानदेशाचे जुने व्यापारी पीक. कापसाच्या गाठी व धान्याची पोती यांवर मार्का उठविण्यासाठी पत्र्यात अक्षरे कापून साचे करण्याची रीत आहे. पत्र्यात बारीक वळण कापणे कठीण, म्हणून साच्याची अक्षरे आपोआप कोनीय होतात. शिवाय व, ब, म यांसारख्या अक्षरांच्या आतील पोकळीचा तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये पत्र्याचे सांधे सोडावे लागतात. अशा रीतीने रेषा तुटलेली ही अक्षरे हल्ली फलकांवर हौसेने वापरतात. गाठीवर ती केवळ सोय म्हणून होती.

संगणकीय अक्षरजुळणीपूर्वी मोठी अक्षरे लाकडी ठशांनी छापीत किंवा हाताने रंगवीत. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे (१९३५—२०२०) यांच्या कामात नाटकाच्या प्रकृतीनुसार गोल, टोकदार, तुटक अशी सर्व वळणे आढळतात. तेथे प्रत्येक शीर्षक एकदाच लिहिले जाई, त्यामुळे अक्षरकार त्या शब्दापुरती अडचण त्याच जागी सोडवी. संचाचे तसे नसते. त्यातील प्रत्येक अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी बसावे लागते. १९९० नंतर पुण्यातील ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींबरोबर शीर्षाक्षरांचे अनेक संच जिल्ह्याच्या गावांतील छापखान्यांपर्यंत पोहोचले आणि पुढे फ्लेक्स छपाईने पाट्या रंगविणाऱ्यांची जागा घेतली. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘टेको’ (मानुषी पारीख) व ‘राजधानी’ (देवनागरी : सत्या राजपुरोहित) हे चौकटीच्या घडणीचे संच मुक्त परवान्यावर उपलब्ध करून दिले. दोन्ही अरुंद अंगाचे असून कोपरे मात्र पूर्ण धारदार नाहीत, किंचित घासलेले आहेत. त्यांच्या वाचनीयतेचे श्रेय बव्हंशी या संयमाला द्यावे लागेल. याच संस्थेचा ‘सरपंच’ हा रुंद, चौकोनी संच अधिक धाडसी आहे व थोड्या अक्षरांच्या शब्दालाच तो पेलतो.

अशा अक्षरांची योजना कोठे होते हे पाहिले असता व्यवसायांची एक अलिखित वर्गवारी दिसते. व्यायामशाळा, वाहनदुरुस्ती, भ्रमणध्वनीची दुकाने, संगणकवर्ग, क्रिकेट व कबड्डीचे सामने आणि अहिराणी गीतांच्या चित्रफितींची शीर्षके यांसाठी कोनीय अक्षर पसंत केले जाते. सराफी पेढ्या, मिठाईची दुकाने व लग्नपत्रिका यांत ते सहसा आढळत नाही. रुग्णालये व कार्यालये यांच्या दिशादर्शक पाट्यांवरही ते वापरू नये. तेथे वाचणारा घाईत असतो, पुष्कळदा नवसाक्षर किंवा वयस्क असतो आणि त्याला शब्द शोभेचा नव्हे तर चटकन ओळखू येणारा हवा असतो.

दुकानांच्या पाट्यांच्या बाबतीत हा प्रश्न अलीकडे कायद्याशीही जोडला गेला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दुकानाचे नाव देवनागरी लिपीत मराठीत लिहिणे बंधनकारक असून मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी या तरतुदीच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ज्यांचे नाव रोमन कोनीय अक्षरांत रूढ झाले होते, त्यांना त्याचा देवनागरी जोडीदार शोधणे त्यामुळे भाग पडले. रोमन मोठ्या लिपीतील शब्द पट्टीची सर्व उंची व्यापतो. देवनागरी शब्दाला वर मात्रा-वेलांटी व खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून तेवढ्याच उंचीत तो लहान दिसतो. मग मात्रा दडपून व उकार आखूड करून अक्षराचे अंग फुगविले जाते. कायद्याचे पालन होते, पण वाचन बिघडते. पाटीची उंचीच वाढविणे हा सरळ उपाय खर्चाचा असल्याने मागे पडतो.

वाहनांच्या क्रमांकपट्ट्या हा या शैलीचा एक बेकायदा, परंतु लोकप्रिय उपयोग होता. २१४ चे ‘राम’ आणि ४१४१ चे ‘दादा’ करण्याची हौस राज्यभर होती आणि धुळ्याच्या एमएच १८ व जळगावच्या एमएच १९ या मालिकांच्या गाड्याही तिला अपवाद नव्हत्या. रोमन आकड्यांचे कोन मोडून त्यांतून देवनागरी अक्षर वाचायला लावण्यात कल्पकता होती, हे मान्य करावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत पट्टीवरील अक्षरांची रीत व मापे ठरवून दिलेली आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाल्याने या हौसेस आळा बसला.

याहून वेगळा प्रकार दिव्यांच्या ठिपक्यांनी बनणाऱ्या पाट्यांचा. भुसावळसारख्या मोठ्या रेल्वेस्थानकावर व बसगाड्यांच्या दर्शनी भागावर त्या दिसतात. रोमन अक्षर पाच स्तंभ व सात ओळींच्या जाळीत वाचता येते. देवनागरीसाठी सोळा ओळींची जाळी घेतली, तरी शिरोरेषेस एक, वरच्या चिन्हांस तीन-चार व उकारांस तीन अशा ओळी वजा जाता अक्षराच्या मुख्य अंगाला जेमतेम आठ-नऊ ओळी उरतात. एवढ्यात ळ च्या दोन्ही पाकळ्या व ध चा आकडा बसवायचा म्हणजे प्रत्येक ठिपका तोलून ठेवावा लागतो. येथे कोनीयता निवडलेली नसून जाळीने लादलेली असते. अधिक दाट ठिपक्यांच्या पाट्यांवर साधी गोल मुद्राक्षरे जशीच्या तशी उमटविता येतात आणि तेथे ही सक्ती उरलेली नाही.